केसपेपर ते पावती: हॉस्पिटल आणि पैशांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग शिकू पाहणाऱ्या गोव्यातल्या मुलांसाठी

फोंड्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही भेटलं की मुलं मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, सेलेनियमचा क्लास लावू का?" बी.कॉम. झालेली मुलगी विचारते, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा विचारतो, डीएमएलटी करून लॅबमध्ये रक्त काढणारा विचारतो. तिघांनाही माझं उत्तर एकच असतं: लाव, पण सहा महिन्यांनी. आधी एक पेशंट केसपेपर काढल्यापासून शेवटची पावती हातात पडेपर्यंत कुठल्या कुठल्या टेबलावरून फिरतो ते पाठ कर. सेलेनियमसारखं आपोआप बटणं दाबणारं टूल कुणीही शिकतं. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायला हवं होतं, हे सांगणारा माणूस मिळत नाही, आणि पगार त्याचाच असतो.

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला आम्ही एचआयएस म्हणतो. त्यात औषधोपचार आणि हिशेब एकाच धाग्यात गुंफलेले असतात. नर्सने वॉर्डात सलाइन लावल्याची नोंद केली की तिकडे फार्मसीचा साठा कमी होतो, बिलात ओळ वाढते, विम्याच्या क्लेममध्ये आकडा बदलतो. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकू नका.

पहिली पायरी: काउंटरवर जाऊन बसा

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये एका खाजगी हॉस्पिटलचं बिलिंग तपासायचं होतं. आठवडाभर ऑफिसात बसून मी शंभरेक टेस्ट केसेस, म्हणजे काय केल्यावर काय व्हायला हवं याच्या नोंदी, लिहिल्या, चालवल्या, सगळ्या पास. एक्सेल घेऊन हॉस्पिटलात गेले. बिलिंगवरच्या बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तें राहूं दे बाय," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी दहाला ये आणि माझ्या बाजूला बस."

बसले. समोर वीसेक माणसांची रांग, बाईंच्या खांद्यात फोन अडकवलेला, आणि बोटं माऊसला शिवतच नव्हती. टॅब, टॅब, एंटर, टॅब, एफ-टेन म्हणजे सेव्ह. स्क्रीन जरा अडकली की सवयीने पुन्हा एफ-टेन. संध्याकाळी कॅश जुळवताना दोन पावत्या जास्त निघाल्या. पेशंट तोच, रक्कम तीच, नंबर मात्र वेगळे. माझ्या शंभर केसेसमध्ये "सेव्ह दोनदा दाबा" ही केसच नव्हती, कारण ती लिहिताना मला कसलीच घाई नव्हती.

पावती जास्त निघाली तर रद्द करता येते. थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या रेडिएशन यंत्राच्या बाबतीत तेवढ्यावर भागलं नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा पेशंटना प्रमाणाबाहेर मारा दिला, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या ऑपरेटरचा हात सरावलेला होता. चुकून एक्स-रेचा पर्याय पडला, तिने कर्सर वर नेऊन तो लगेच बदलला. आठ सेकंदांच्या आत ही दुरुस्ती झाली की स्क्रीनवर नवा पर्याय दिसायचा, पण यंत्राच्या आतली मांडणी जुन्याच पर्यायाची राहायची. सावकाश टाइप करून बघणाऱ्यांना हा दोष सापडेना. शेवटी तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरला सोबत घेऊन, टायपिंगचा वेग वाढवत वाढवत तो पुन्हा घडवून आणला.

तेव्हा ओळखीच्या क्लिनिकमध्ये, फार्मसीत, लॅबच्या रिसेप्शनवर, जिथे बसू देतील तिथे परवानगी काढून दोन-तीन दिवस बसा. हात कसे चालतात ते बघा. पेशंटची नावं, रिपोर्ट वहीत उतरवू नका, आणि मोबाइल खिशातच ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं नाव पुढे प्रत्येक मुलाखतीत निघेल, पण ही शिस्त कायद्याच्या आधीची आहे.

दुसरी पायरी: पेशंटची वाट काढा

मोठा कागद घ्या. नोंदणी, ओपीडी, डॉक्टरने लिहिलेली तपासणी, लॅब, रिपोर्ट, दाखल होणं, अॅडव्हान्स, फार्मसी, ऑपरेशन, डिस्चार्ज, फायनल बिल, विमा कंपनीचा किंवा टीपीएचा (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीचा) मंजुरी आकडा, उरलेल्या रकमेची पावती, रात्रीचं कॅश क्लोजिंग. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न लिहा: इथे कुठली माहिती पुढे जाते, आणि इथून मागे फिरायचं झालं तर काय? डिस्चार्ज झाला आणि संध्याकाळी पेशंट परत आला. तपासणी सांगितली, पैसे भरले, पण नमुना फुटला. अॅडव्हान्स मुलाने भरला, परतावा बायको मागते. निम्मे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, या परतीच्या वाटेवर बसलेले असतात.

यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा एचएल-सेव्हन. तिच्या जुन्या आवृत्तीत संदेश म्हणजे उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळी. दाखल झाला की ए०१, डिस्चार्ज ए०३, माहिती बदलली ए०८, एकाच माणसाच्या दोन नोंदी एकत्र केल्या की ए४०. लॅबचा निकाल ओआरयू संदेशातून येतो, आणि त्यात आकड्याइतकंच त्याचं एकक महत्त्वाचं. साखर ५.६ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, अगदी ठीकठाक माणूस. पण यंत्राने ५.६ पाठवले आणि रिपोर्टवर एकक मिलिग्रॅमचं छापलं, तर डॉक्टर ग्लुकोजची बाटली घेऊन धावतील. नवी आवृत्ती फायर (एफएचआयआर). आपल्याकडचं आभा, म्हणजे १४ आकडी आरोग्य क्रमांक आणि त्याला जोडलेल्या नोंदी, त्यावरच चालतं.

गोव्याची नावं

ही पायरी पुण्या-मुंबईचा कुठलाच क्लास शिकवणार नाही. आपल्या आडनावांवर पोर्तुगीज काळाचा जो शिक्का आहे, त्यापुढे भलंभलं सॉफ्टवेअर लटपटतं. रोमी लिपीत नाईक कुणी 'के'ने संपवतो, कुणी जुन्या कागदावर 'क्यू-यू-ई' लावून. शेटांच्या सुरुवातीला एक्स. आधारवर प्रभू, तर आजोबांच्या दस्तऐवजात पोरोबो. कामतांचे कामोतिम, गावकरांचे गाऊंको. त्यात 'ए'वर लाट असलेलं अक्षर आलं की जुना डेटाबेस तिथे प्रश्नचिन्ह छापून मोकळा होतो. आणि मारिया फर्नांडिस नावाच्या पाच जणी एकाच दिवशी एकाच ओपीडीत येऊ शकतात.

यात दोन उलट चुका संभवतात. एकच माणूस दोन नोंदींत विभागला, तर त्याची पेनिसिलिनची अॅलर्जी दुसऱ्या नोंदीत राहते. दोन माणसं एका नोंदीत मिसळली, तर त्याहून वाईट. बांबोळीच्या गोमेकॉत दोडामार्ग-सावंतवाडीपासून माणसं येतात. पत्त्याच्या रकान्यात राज्य 'गोवा' आधीच भरून ठेवलेलं असेल तर काय होतं, तेही बघा. अशा पन्नास नावांची काल्पनिक यादी स्वतः बनवून जवळ ठेवा. मी नव्या कंपनीत गेले की पहिल्या दिवशी हीच फाइल उघडते.

मराठी-कोंकणी मेसेजचंही एक सांगून ठेवते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. "आपली अपॉइंटमेंट" म्हणता म्हणता मेसेजचे दोन तुकडे होतात आणि हॉस्पिटलला खर्च दुप्पट येतो.

तिसरी पायरी: बिल हाताने करा

इथे घाई करू नका. १८ जुलै २०२२ पासून हॉस्पिटलच्या ज्या रूमचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त, तिच्यावर ५ टक्के जीएसटी आहे, आयसीयूवर नाही. या एका नियमावर दोन दिवस घालवा.

पेशंट चार दिवस ५,००० च्या रूममध्ये, मग दोन दिवस ६,५०० च्या, मग एक दिवस ९,००० च्या आयसीयूत. कर किती? ५,००० वर नाही, कारण नियम "पेक्षा जास्त" असा आहे. आयसीयूवर नाही. उरले १३,०००, त्यावर ६५० रुपये: ३२५ केंद्राचे, ३२५ राज्याचे. एवढं कागदावर करा आणि मग सॉफ्टवेअरला विचारा. मला एकदा १,६५० दिसले होते. रूम बदलल्याबरोबर त्याने मागच्या चारही दिवसांवर कर लावला होता.

आता भाडं ५,००१ करा. अडीच टक्के म्हणजे १२५.०२५. पैशांत दोनच घरं, म्हणून केंद्राचे १२५.०३, राज्याचे १२५.०३, मिळून २५०.०६. पण सरळ ५ टक्के काढले तर २५०.०५. एक पैसा कुठून आला? प्रोग्रामरने अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम आकड्याकडे वळवायची पद्धत वापरली असेल, तर दोन्हीकडे १२५.०२, आणि बेरीज २५०.०४. तीन उत्तरं, तिन्हींच्या मागे तर्क. एका बिलात हा पैसा कुणी बघणार नाही. वर्षभराच्या बिलांची बेरीज खातेवहीशी जुळवताना अकाउंटंट मात्र रात्री अकरापर्यंत बसतो आणि तुमच्या नावाने बोटं मोडतो. संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगितलं तर फ्लोटिंग-पॉइंट या साध्या प्रकारात नेमके ०.३ येत नाहीत, सतराव्या घरात एक ४ चिकटतो. म्हणून पैसे कुठल्या प्रकारात साठवले आहेत, हा प्रश्न डेव्हलपरला पहिल्याच बैठकीत विचारा. तो हसला तर काळजी करा.

मग सवलत आणा. रूम ५,५००, डॉक्टरांच्या शब्दाखातर १० टक्के सूट, राहिले ४,९५०. कर लागतो की नाही? याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. हॉस्पिटलच्या अकाउंटंटकडून लेखी मागायचं आणि ते टेस्ट केसला जोडायचं. नवी मुलं इथे हुशारी दाखवायला जातात, नेट बघून उत्तर ठरवतात आणि पुढे सहा महिने तेच चुकीचं उत्तर पास करत राहतात.

असा बग सापडला की लिहायचा कसा? "जीएसटी चुकीचा येतोय" असं लिहिलं तर डेव्हलपर दोन तासांनी "माझ्याकडे बरोबर येतो" म्हणून परत पाठवेल. हे बघा:

"रूम बदलल्यावर आधीच्या दिवसांवरही ५ टक्के कर लागतो. पेशंट ५,००० च्या रूममध्ये चार दिवस ठेवला, ६,५०० च्या रूममध्ये दोन दिवस हलवला, आयसीयूत एक दिवस ठेवला, फायनल बिल काढलं. अपेक्षित कर ६५०, आलेला १,६५०. रूम न बदलता थेट ६,५०० मध्ये दोन दिवस ठेवल्यास कर बरोबर, ६५०."

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. दोष कुठे नाही हे कळलं की शोधायची जागा अर्धी होते.

चौथी पायरी: दुसऱ्याच्या ताब्यातले पैसे

रोख पैसे तुमच्या गल्ल्यात असतात. यूपीआय, कार्ड, विमा आणि सरकारी योजना यांचे पैसे वाटेत असतात, आणि वाटेतल्या पैशांचं टेस्टिंग वेगळं.

पावसात लाइट जाते, राउटर बंद पडतो. पेशंटच्या फोनवर "पैसे गेले" असा मेसेज, काउंटरच्या स्क्रीनवर चक्र फिरतंय. बाई म्हणतात, पुन्हा स्कॅन करा. दोनदा पैसे. एनपीसीआयचं यूपीआय २०१६ मध्ये आलं, पण हा प्रसंग अजून रोजचाच आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला: खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे खातरजमा पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत, पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमच्या सॉफ्टवेअरने त्या पाच दिवसांत पेशंटला "भरले" दाखवायचं की "बाकी"? डिस्चार्ज अडवायचा का? पैसे तिसऱ्या दिवशी उशिरा पोचलेच तर? नेट मुद्दाम तोडून, पैसे देताना ब्राउझर बंद करून, एकच व्यवहार दोनदा पाठवून बघा.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तर अभ्यासाला उत्तम. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. रक्कम कुटुंबाची सामाईक, म्हणजे वडील मडगावात अँजिओप्लास्टीला आणि त्याच दुपारी मुलगी म्हापशात ऑपरेशनला असेल, तर दोन्ही मंजुऱ्या एकाच शिल्लकीवर धावतात. एकाच क्षणी दोघांनी शिल्लक वाचली तर? आधी राखून ठेवलेल्या रकमेपेक्षा अंतिम बिल कमी आलं, तर फरक कार्डावर परत येतो का, आणि कधी? तिघांच्या घरात बाळ जन्मलं, तर मर्यादा त्याच वर्षी वाढते का? योजनेचे नियम समोर ठेवून असे वीस प्रश्न काढता आले, की तुम्ही टेस्टर झालात असं मी समजते, प्रमाणपत्र असो नसो.

शेअर बाजाराकडे जाऊ पाहणाऱ्यांनी नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर व्यवहार कंपनीची गोष्ट वाचावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. तेव्हापासून "सगळ्या सर्व्हरवर गेलं का" हे विचारायला मी लाजत नाही.

पाचवी पायरी: घरी सराव

आता टूल. पहिलं एसक्यूएल, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. स्क्रीनवर बिल ३३,००० दिसतंय, पण टेबलात किती आहे? जोडणी, बेरीज, गटवारी एवढं सहज यायला हवं. दुसरं पोस्टमन, म्हणजे पडद्यामागचे संदेश थेट पाठवता येतात. सेलेनियम किंवा प्लेराइट त्यानंतर.

खेळायला खऱ्या हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध आहेत. ओपनएमआरएस आणि ओपनईएमआर लॅपटॉपवर उतरवता येतात. बाह्मनी तर आपल्याच देशातली, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या हॉस्पिटलसाठी सुरू झालेली. तिच्यात ओपनएमआरएसला लॅब आणि बिलिंग जोडलेलं आहे, म्हणून माझी पसंती तिला. काल्पनिक पेशंट हवे असतील तर सिंथिया हजारोंनी बनवून देतं. बाह्मनीत दहा पेशंट दाखल करा, बिलं काढा, हाताने केलेल्या हिशेबाशी ताडा, सापडलेले दोष वरच्यासारखे लिहून ठेवा. हीच तुमची मुलाखतीची फाइल.

आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय टेस्टिंग मंडळाचं पायाभूत प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर घ्या. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर हवेत. मातृभाषेत नसलेल्या परीक्षेला २५ टक्के वेळ जास्त मिळतो, तो मागून घ्या. अर्ज छाननीतून पुढे सरकायला ते कामी येतं, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

नोकरी कुठे

खरं सांगायचं तर गोव्यात या कामाची बाजारपेठ लहान आहे. पणजी, पर्वरी, मडगाव, वेर्णा इथल्या सॉफ्टवेअर कंपन्या, मोठ्या हॉस्पिटलांचे आयटी विभाग, आणि पुण्या-बेंगळुरूची घरून करायची कामं. त्यातल्या बऱ्याच कामांत अमेरिकन विम्याचे क्लेम असतात: ८३७ म्हणजे पाठवलेला क्लेम, ८३५ म्हणजे आलेल्या पैशांचा हिशेब, आणि पेशंटच्या गोपनीयतेसाठी १९९६ चा हिपा कायदा. एवढे तीन शब्द समजून घेतले तर पहिली फेरी निभावते.

एक दार मात्र आपली मुलं विसरतात. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळ इथले औषधांचे कारखाने. तिथे सॉफ्टवेअर चालतं की नाही एवढं बघून भागत नाही, ते चालतं हे कागदावर सिद्ध करावं लागतं. या कामाला सीएसव्ही, म्हणजे कॉम्प्युटर सिस्टीम व्हॅलिडेशन, म्हणतात. यंत्रणा नीट बसवली, नीट चालते, रोजच्या कामात नीट चालते, असे आयक्यू, ओक्यू, पीक्यू हे तीन टप्पे. कोणी, कधी, कुठला आकडा, का बदलला याची पुसता न येणारी नोंद लागते, आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांना तिथल्या औषध प्रशासनाचा (एफडीएचा) १९९७ चा भाग ११ हा नियम. बी.फार्म., केमिस्ट्री झालेल्यांनी हे आधी बघावं. काम संथ आणि सह्यांचं आहे, सगळ्यांना झेपत नाही. मला झेपलं नाही.

बी.कॉम.वाल्यांनी न्यूनगंड सोडावा. नावे-जमा कळणारा टेस्टर मिळणं हे कोड वाचणाऱ्यापेक्षा कठीण आहे. डीएमएलटी आणि नर्सिंगवाल्यांचंही तेच.

लागल्यावर पहिलं वर्ष

खऱ्या पेशंटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मी एकदा टाकला होता, नाव झाकायचं विसरून. वरिष्ठांनी आवाज न चढवता जे सुनावलं ते अजून ऐकू येतं.

मार्चअखेर जवळ आली की २९ मार्चला दाखल आणि २ एप्रिलला डिस्चार्ज होणारा पेशंट तयार ठेवा. जीएसटी बिलाचा नंबर आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि १६ अक्षरांत बसायला हवा. १ एप्रिलला मालिका नव्याने सुरू होते, तेव्हा या पेशंटचा अॅडव्हान्स जुन्या मालिकेत आणि बिल नव्यात जातं. परतावा कुठल्या पावतीवर निघतो ते बघा.

आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी नव्या आवृत्तीची रिलीज ठेवलेली दिसली तर उभं राहून विरोध करा. काउंटरवर अर्धी माणसं रजेवर, डेव्हलपर गावी पोचलेला, आणि सपोर्टवाला मुलगा फोन खिशात टाकून शिडीवर चढून गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधतोय.